पाऊस न पोहोचणारी जागा आधी गंजते

सँडविच पॅनेलच्या एखाद्या जुन्या इमारतीभोवती फेरी मारली, तर पावसाचा मारा थेट झेलणारी भिंत बऱ्याचदा सुस्थितीत दिसते आणि गंजाचे पहिले ठिपके वळचणीखाली, छज्जाच्या आतल्या बाजूस किंवा दारावरच्या पत्र्याच्या आडोशाला आढळतात. जिथे पाणी कमी लागते तिथेच गंज का धरावा, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे आणि या पॅनेलच्या देखभालीचे बहुतेक नियम त्याच्या उत्तरातूनच निघतात.

बोलताना सरसकट पफ पॅनेल म्हटल्या जाणाऱ्या या पॅनेलमध्ये साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचे दोन पोलादी पत्रे असतात आणि त्यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा कडक फेस किंवा खनिज लोकर भरलेली असते. पोलादातून जितकी उष्णता वाहते त्याच्या सुमारे दोन हजारावा भागच या फेसातून वाहते, म्हणून शीतगृहांपासून कारखान्यांपर्यंत त्याचा वापर होतो. पत्र्याचे रक्षण मात्र फार पातळ थरांवर अवलंबून असते. पोलादावर जस्ताचा किंवा जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा असतो आणि त्यावर भट्टीत पक्का केलेला रंग. पॉलिएस्टर रंगाची जाडी बहुधा २५ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी असते. रंगाला चरा पडला तरी जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते आणि पोलाद वाचवते. पण ते झिजून संपले की पुढची पाळी पत्र्याचीच असते.

पावसाचे पाणी पत्र्यावर पडते, मळ घेऊन खाली ओघळते आणि पत्रा वाळतो. आडोशाच्या जागी मात्र धूळ, धुरातील आम्लधर्मी कण आणि समुद्राजवळ मीठ थरावर थर साठत राहते. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ओलावा शोषून स्वतः विरघळू लागते. समुद्री मिठात असलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडला तर जेमतेम ३३ टक्के आर्द्रताही पुरते. त्यामुळे वरवर कोरडा दिसणारा पत्रा दिवसाचा बराच वेळ खाऱ्या पाण्याच्या अदृश्य थराखाली असतो. गंजाचा वेग ठरवताना पत्रा किती वेळा भिजला यापेक्षा तो किती वेळ ओला राहिला, हे जास्त महत्त्वाचे आहे. म्हणूनच धुण्याचे काम वर्षातून एकदाच करायचे ठरले, तर ते पावसाने आपोआप धुतल्या जाणाऱ्या दर्शनी भिंतीपेक्षा या आडोशाच्या जागांवर आधी खर्ची घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

धुण्यासाठी स्वच्छ पाणी, मऊ ब्रश किंवा स्पंज आणि सौम्य साबण एवढे बहुतेक वेळा पुरते. साबणाच्या द्रावणाचा सामू (pH) ६ ते ८ च्या दरम्यान असावा, कारण जस्त आणि ॲल्युमिनियम हे दोन्ही धातू तीव्र आम्लातही विरघळतात आणि तीव्र अल्कलीतही. पत्र्यावर उडालेला ओल्या सिमेंटचा शिंतोडा लगेच धुवायचा तो याच कारणाने. साबण खालून वर लावत जावे आणि धुताना पाणी वरून खाली सोडावे, म्हणजे मळकट ओघळ कोरड्या पत्र्यावर सुकून त्यांच्या रेघा उमटत नाहीत. उन्हात गडद रंगाचा पत्रा ७० अंश सेल्सिअसच्या पुढे तापू शकतो आणि अशा पत्र्यावर साबण क्षणात वाळतो, म्हणून काम सावलीच्या बाजूने करावे. तारेची घासणी, घासण्याची पूड आणि थिनर यांना इथे स्थान नाही. दाबाच्या फवाऱ्याने काम लवकर उरकते हे खरे, परंतु तो जवळून सांध्यावर रोखला तर पाणी थेट गाभ्यात शिरते.

हात फिरवल्यावर बोटांना पांढरी पूड लागली, तर तो नेहमीच मळ नसतो. सूर्याच्या अतिनील किरणांनी रंगातील राळ तुटत जाते आणि मोकळे झालेले रंगकण वर येतात. अशी पूड घासून काढत राहिल्यास उरलेला रंगच पातळ होतो.

उभारणी किंवा दुरुस्तीनंतरचा लोखंडी कीस हा मला सर्वांत दुर्लक्षित शत्रू वाटतो. ड्रिल किंवा ग्राइंडरमधून उडालेले तापलेले कण रंगात रुतून बसतात आणि थोड्याच दिवसांत प्रत्येकाभोवती तांबूस वलय उमटते. पत्रा गंजल्यासारखा दिसतो. सुरुवातीला गंजलेला असतो तो फक्त कण. काम संपताच, त्याच दिवशी मऊ ब्रशने कीस झाडून काढला तर पुढचे नुकसान टळते. चरे बुजवतानाही हात आवरावा लागतो: बारीक ब्रशने केवळ चऱ्यापुरताच रंग भरावा, कारण हवेत वाळणारा रंग भट्टीतल्या रंगापेक्षा वेगळ्या गतीने फिका पडतो आणि रुंद ठिगळ काही वर्षांत लांबूनही ओळखू येते.

सांध्यांची तपासणी धुण्याइतकीच निकडीची आहे. दहा मीटर लांबीचा पत्रा ५० अंशांच्या फरकाने सुमारे सहा मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. ही हालचाल सीलंट (सांधे बुजवणारा लवचीक लेप), स्क्रू आणि त्यांखालचे रबरी वॉशर यांना रोज सोसावी लागते. शीतगृहात प्रश्न अधिक बिकट होतो. बाहेरच्या उबदार हवेतील बाष्प सतत थंड बाजूकडे सरकत असते आणि उघड्या सांध्यातून किंवा काढून टाकलेल्या पाइपच्या न बुजवलेल्या भोकातून गाभ्यात शिरून गोठते. बर्फाची उष्णतावाहकता फेसाच्या जवळजवळ शंभर पट असते, त्यामुळे यंत्रणेचा वीजवापर वाढत जातो आणि भिंत बाहेरून ठीकच दिसते. अशा ठिकाणी बाष्परोधक सीलंट उबदार बाजूने अखंड हवा. तो थंड बाजूनेच भरला, तर आत शिरलेले बाष्प गाभ्यातच अडकते.