सही कोणाची? नाशिकच्या विद्यार्थी-माध्यमांची पार्श्वभूमी

कॉलेजचा जुना वार्षिकांक हातात आला की मी आधी शेवटचं पान उघडतो. बऱ्याच अंकांत तिथे 'फॉर्म ४, नियम ८' अशा मथळ्याची एक चौकट असते. प्रकाशनस्थळ, प्रकाशनकाल, मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक. या रकान्यांत बहुधा प्राचार्यांचं नाव, फार तर एखाद्या प्राध्यापकाचं. विद्यार्थी संपादक शोधायचा असेल तर परत पुढच्या पानांकडे यायचं. संपादक मंडळाच्या ग्रुप फोटोत तो मागच्या रांगेत उभा असतो. खुर्च्यांवर सर आणि मॅडम.

नाशकात विद्यार्थ्यांनी चालवलेल्या माध्यमांची गोष्ट सांगायची तर ती या चौकटीभोवतीच सांगावी लागते. लिहिणारे हात विद्यार्थ्यांचे, शेवटची सही दुसऱ्याची. ही रीत केव्हापासून पडली आणि अधूनमधून ती कुठे मोडली, ते बघण्यासारखं आहे.

मराठीत सुरुवात खरं तर उलटी झाली होती. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी मिळून एक साहित्य-विज्ञान सभा काढली. तिच्या मराठी शाखेचं नाव उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. दादोबा पांडुरंग तिचे पहिले अध्यक्ष. तिथे वाचलेले निबंध लोकांपर्यंत पोचावेत म्हणून १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागलं. म्हणजे आपल्याकडे मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ ला आणि कॉलेजातल्या मुलांनी चर्चेतून उभं केलेलं मासिक त्याच्या सात वर्षं आधीचं! नाशकात तेव्हा कॉलेज नव्हतं, पण वाचणारे होते. सार्वजनिक वाचनालय, आपलं 'सावाना', १८४० चं.

नाशिकचा धागा पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर लागतो, आणि तो एकदम तापलेला आहे. शाळकरी विनायक सावरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९०० च्या सुमारास इथे 'मित्रमेळा' जमवला. आठवड्याच्या बैठका, भाषणं, वाचन, कवी गोविंदांची पदं. १९०४ मध्ये त्याचंच 'अभिनव भारत' झालं. दरम्यान सावरकर पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेले आणि तिथे त्यांनी 'आर्यन वीकली' नावाचं हस्तलिखित साप्ताहिक चालवलं. हस्तलिखित या शब्दाकडे नीट बघायला हवं. छापायचं तर १८६७ च्या कायद्याप्रमाणे मुद्रकाचं, प्रकाशकाचं नाव द्यावं लागे आणि नाव दिलं की पकडायला माणूस मिळे. हाताने लिहिलेला कागद या हातातून त्या हातात जातो, त्याला मालक लागत नाही.

छापलं की काय होतं हे नाशिकने लगेच पाहिलं. १९०९ च्या जूनमध्ये बाबाराव सावरकरांना देशभक्तीपर कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केल्यावरून जन्मठेप झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या. कान्हेरे विद्यार्थीच होता, सतरा-अठरा वर्षांचा. मागोमाग छापील मजकुरावर बंधनं घालणारा १९१० चा प्रेस ॲक्ट आला. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी राजकारणात पडू नये असं बजावणारं, इंग्रज सरकारचे गृहसचिव रिस्ले यांचं परिपत्रक त्याआधीच, १९०७ मध्ये निघालं होतं.

माझं मत असं, की कॉलेजच्या अंकात 'राजकारण नको' ही जी सूचना आजही संपादक मंडळाच्या पहिल्या बैठकीत दिली जाते, तिचं मूळ इथे आहे. सूचना देणाऱ्या सरांना रिस्ले कोण हे ठाऊक नसतं. सवय मात्र त्याचीच.

गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ मध्ये स्थापन झाली आणि १९२४ मध्ये तिने नाशकात कॉलेज काढलं, पुढे एचपीटी म्हणून ओळखलं गेलेलं. प्राचार्य टी. ए. कुलकर्णी त्यामागे होते. सोसायटीला ज्यांचं नाव दिलं त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी स्वतः विशी ओलांडता ओलांडता पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं संपादन हाती घेतलं होतं. आजच्या हिशेबाने म्हणजे टी.वाय.चा मुलगा.

याच कॉलेजात शिकत असताना वि. वा. शिरवाडकरांच्या कविता 'रत्नाकर' मासिकात येऊ लागल्या. 'कुसुमाग्रज' हे नाव अजून व्हायचं होतं. गावात काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. २ मार्च १९३० ला सुरू झालेला तो लढा १९३५ पर्यंत चालला, आणि विशीतले शिरवाडकर १९३२ मध्ये त्यात उतरले. शिक्षणानंतरची त्यांची कितीतरी वर्षं वृत्तपत्रं आणि साप्ताहिकांत गेली. विद्यार्थी-माध्यमांचं यश मोजताना नाशिककर हे उदाहरण हमखास देतात. मला ते थोडं अडचणीचं वाटतं. कविता छापली बाहेरच्या मासिकाने, सत्याग्रह झाला पंचवटीत. कॉलेजने काय दिलं? सवंगडी दिले, कवितेवर वाद घालायला वेळ दिला आणि लिहिलेलं ऐकून घेणारे चार जण दिले. हे थोडं नाही, पण चषकाच्या कपाटात ठेवता येईल असंही नाही.

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं आणि नाशिकची कॉलेजं मुंबई सोडून पुण्याला जोडली गेली. पुढची वीस-पंचवीस वर्षं वार्षिकांकाची. बीवायके कॉमर्स १९५७ चं, केटीएचएम १९६९ चं. गंगापूर रोड आणि कॉलेज रोड या दोन रस्त्यांवर तरुणांची वर्दळ वाढली तसे अंकही वाढले. साचा एकच. मुखपृष्ठावर इमारत, आत प्राचार्यांचं मनोगत, मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे तीन विभाग, मग एनसीसी, एनएसएस, जिमखान्याचे अहवाल आणि गुणवंतांचे पासपोर्ट फोटो. फीच्या पावतीत मॅगझीन फी असे, म्हणजे वर्गणीदार सक्तीचा आणि खप ठरलेला. कुठल्याही दैनिकाला हेवा वाटावा असा धंदा!

एक गंमत सांगतो. देशाच्या नोटा छापणारं गाव आपलं. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, करन्सी नोट प्रेस १९२८ ची. पण कॉलेजचा अंक परीक्षेच्या आत छापून मिळाला असं मी आजवर ऐकलेलं नाही. शिशाचे खिळे जुळवून छापायचे दिवस असताना लग्नपत्रिकांचा हंगाम आणि अंकाचा हंगाम एकच. छापखानेवाला कोणाचं काम आधी घेणार, हे सांगायला नको.

वार्षिकांकाबाहेर मात्र दुसरं काहीतरी घडत होतं. १९५४ मध्ये मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या तरुणांनी 'शब्द' हे लघुनियतकालिक सुरू केलं, तेही सायक्लोस्टाइल करून. चित्रे तेव्हा सोळा वर्षांचे होते. स्टेन्सिलवर टाइप करायचं किंवा लोखंडी लेखणीने कोरायचं, रोलर फिरवायचा, शंभर प्रती हातात. जुळारी नको, प्रूफ नको, सरांची सही नको. लघुनियतकालिकांच्या चळवळीने कॉलेजातल्या मुलांना हे शिकवलं की अंक काढायला संस्था लागत नाही, दोन रात्री आणि उधारीवर मिळालेली रिमं लागतात. नाशकातलं वातावरणही त्याला पोषक होतं. शिरवाडकर गावात होते, वसंत कानेटकर कॉलेजात शिकवत होते, बाबूराव बागूल इथेच लिहीत होते. सायकलवर जाऊन आपलं लिखाण दाखवता येईल अशा अंतरावर ही माणसं होती.

आणि भित्तीपत्रक. त्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मी थोडा रेंगाळतो. ऑफिसबाहेरच्या काचेच्या फळीत किंवा जिन्याखालच्या भिंतीवर कार्डशीट. अक्षर चांगलं असलेली एक मुलगी, चित्र काढणारा एक मुलगा, आणि मजकूर आणून देतो म्हणून सांगून गायब होणारे सात जण. दर पंधरवड्याला बदलायचं असं ठरलेलं, प्रत्यक्षात महिना जायचा. पण त्याला एक गोष्ट साधायची जी वार्षिकांकाला कधीच साधली नाही. सोमवारी लावलेलं पत्रक मंगळवारी वाचलं जायचं, बुधवारी त्यावर कोणीतरी पेनाने उत्तर लिहायचं आणि गुरुवारी शिपाईकाका ते काढून न्यायचे. बातमीची एवढी तातडी वर्षातून एकदा निघणाऱ्या अंकाला कुठून यायची? मी होतो त्या कॉलेजात (नाव कशाला घेऊ) वसतिगृहाच्या पाण्यावरची एक वात्रटिका वार्षिकांकाच्या प्रुफात गळली आणि तिच्या जागी सुविचार आला. तीच वात्रटिका भित्तीपत्रकावर दोन दिवस टिकली. दोन दिवस पुरले. टँकर आला.

या सगळ्याला एक आधार होता, तो म्हणजे निवडणुका. पॅनेल असायची, जाहीरनामे असायचे, मॅगझीन सेक्रेटरी हे निवडून यायचं पद होतं. मतं मागून आलेला सेक्रेटरी सरांसमोर थोडा तरी ताठ बसतो. निवडणुकांतला पैसा आणि मारामाऱ्या वाढत गेल्या, आणि १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका संपवून गुणवत्तेवर नेमणूक आणली. हाणामारी थांबली हे खरंच. पण त्यानंतर संपादक मंडळात बसायला लागला वर्गात पहिला आलेला मुलगा, ज्याला बिचाऱ्याला मुळात लिहायचंच नव्हतं. २०१६ च्या नव्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, २०१९ मध्ये तारखा लागल्या आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या.

थेट निवडणुका संपल्या त्याच सुमारास हस्तलिखित आणि खिळे दोन्ही मागे पडले. संगणकावर पानं लावायचं डीटीपी आलं, मराठी अक्षरांचं श्रीलिपी हे सॉफ्टवेअर आलं. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की चौकोनांची रांगोळी, हा अनुभव त्या पिढीतल्या प्रत्येकाचा आहे. विद्यापीठ वार्षिक नियतकालिकांची स्पर्धा घेतं, आणि पुणे, अहिल्यानगर, नाशिक अशा तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांत चुरस असते. बक्षीस मिळालं की प्राचार्यांच्या केबिनमध्ये फ्रेम लागते. स्पर्धेने छपाई सुधारली, मुद्रितशोधन सुधारलं, मुखपृष्ठावरची इमारत गेली आणि विशेषांक आले. पाणी, शेती, आदिवासी बोली असे विषय घेऊन मुलं गावोगाव फिरली. परीक्षकांना काय आवडेल याचा अंदाज घेऊन अंक काढायची सवयही याच स्पर्धेने लावली. दोन्ही खरं आहे.

पत्रकारिता विभागांची गोष्ट वेगळी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ पासून हे शिक्षण होतं. नाशकात एचपीटीचा विभाग उभा राहिल्यावर मुलांनी काढायचं प्रायोगिक वृत्तपत्र आलं. इथे अंक हाच अभ्यास. बातमी आणायची, मथळा द्यायचा, पान लावायचं, आणि चूक झाली तर गुण जायचे. 'गावकरी' १९३८ पासूनचं, पुढे 'देशदूत', मग मोठ्या दैनिकांच्या नाशिक आवृत्त्या. या सगळ्यांना माणसं लागत होती आणि ती चालत जाण्याच्या अंतरावर तयार होत होती. कांदा, द्राक्षं, गोदावरीचं प्रदूषण, बारा वर्षांनी येणारा कुंभ. शिकाऊ बातमीदाराला याहून चांगली शाळा मिळणार नाही. विद्यार्थी-माध्यमाचं दाखवता येईल असं यश मला इथे दिसतं, तेही अंकांत नाही, पुढे दैनिकांत आणि वाहिन्यांत गेलेल्या नावांत.

आवाजाची वाट त्याहून उशिरा उघडली. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. २००२ च्या अखेरीस केंद्राने शिक्षणसंस्थांना कॅम्पस रेडिओची परवानगी देण्याचं धोरण आणलं. १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं, पुणे विद्यापीठाचं 'विद्यावाणी' पाठोपाठ आलं. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडलं. दार उघडलं, पण उंबरा ठेवून. ट्रान्समीटर पन्नास वॉटचा, ऐकू येणार दहा-पंधरा किलोमीटर, आणि स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. माध्यम द्यायचं आणि बातमी काढून घ्यायची! रिस्लेसाहेब हसले असते.

नाशकात या धोरणातून उभं राहिलेलं ठळक नाव म्हणजे 'रेडिओ विश्वास', ९०.८. ते विद्यापीठाचं नाही, विश्वास ज्ञान प्रबोधिनी या संस्थेचं आहे. तरी या गोष्टीत त्याला जागा हवी. २०२० च्या जूनमध्ये शाळा बंद असताना त्यांनी तिसरी ते दहावीच्या जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांतल्या मुलांसाठी 'शिक्षण सर्वांसाठी' हा कार्यक्रम चालवला. शिक्षकांनी स्टुडिओत येऊन पाठ रेकॉर्ड केले. ज्या घरात मोबाइल एक आणि शिकणारी तिघं, तिथे रेडिओ उपयोगी पडला. २०२३ मध्ये राष्ट्रीय कम्युनिटी रेडिओ पुरस्कारांत या केंद्राला दोन पुरस्कार मिळाले, त्यातला एक याच कार्यक्रमासाठी. शिवाय गोवर्धनजवळच्या आवारात १९८९ चं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, ज्याचे विद्यार्थी राज्यभर पसरलेले आणि कॅम्पसवर जवळपास नसलेले. भिंतच नसलेल्या विद्यापीठाचं भित्तीपत्रक कसं असेल, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

आता सगळं फोनवर आहे. कॉलेजच्या नावाने चालणारी इन्स्टा पेजं, मीम, कॅन्टीनच्या दरांवरची रील, परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी अधिकृत नोटिशीच्या आधी. चालवणारा कोण, हे निम्म्या वेळा कोणालाच माहीत नसतं. शंभर वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितासारखंच ते मालकाच्या रकान्याशिवाय हातोहात फिरतं. दरम्यान १८६७ चा कायदाही गेला. नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला.

एक दुखणं मात्र जुनंच आहे. तीन वर्षांत संपादक पास होतो आणि जाताना पासवर्डही घेऊन जातो. वार्षिकांक निदान ग्रंथालयात बांधून ठेवलेले असतात. भित्तीपत्रकांचं तसं नाही. आम्ही लावलेल्यांपैकी एकही कार्डशीट माझ्याकडे उरलेली नाही. निरोपसमारंभाचा एक फोटो आहे, त्यात मित्राच्या खांद्यामागे अर्धा मथळा दिसतो: 'पाणी कधी'. पुढचं त्याच्या डोक्याआड गेलं आहे.