ब्राउझरची सुरक्षितता कशावरून ठरवावी?

‘कोणता ब्राउझर सर्वांत सुरक्षित?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा आकड्यांत दिले जाते. अमुक ब्राउझरमध्ये वर्षभरात इतके दोष सापडले, तमुकमध्ये त्याच्या निम्मे, म्हणून दुसरा चांगला, असा हा हिशेब असतो आणि तो दिशाभूल करणारा आहे. दोष आपोआप सापडत नाहीत, ते शोधावे लागतात. ज्या कंपन्या दोष दाखवून देणाऱ्यांना बक्षिसे देतात आणि आपल्याच प्रोग्रॅमवर रात्रंदिवस वेड्यावाकड्या माहितीचा मारा करून तो कुठे कोलमडतो हे पाहतात, त्यांच्या नावावर साहजिकच जास्त दोष जमा होतात. मोजण्याची रीतही सगळीकडे सारखी नाही. फायरफॉक्स बनवणारी मोझिला स्वतःच शोधून काढलेले मेमरीचे अनेक दोष एकत्र करून त्यांना एकच क्रमांक देते. त्यामुळे यादीतली एक ओळ म्हणजे एक दोष असे धरून चालत नाही.

तुलना करायचीच तर ती दोन गोष्टींची करावी, असे मला वाटते. एखाद्या दोषाचा कोणी गैरफायदा घेतलाच, तर नुकसान कुठवर पोहोचते, ही पहिली. आणि त्या दोषाची दुरुस्ती आपल्या यंत्रावर किती दिवसांत उतरते, ही दुसरी.

पहिल्या गोष्टीच्या दृष्टीने सप्टेंबर २००८ मध्ये आलेला क्रोम हा मोठा टप्पा होता. तोवरच्या बहुतेक ब्राउझरांमध्ये उघडलेली सगळी पाने एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या स्वतःची मेमरी असलेल्या एकाच कप्प्यात चालत, आणि एका पानातला प्रोग्रॅम अडकला की बाकीची पानेही त्याच्याबरोबर बंद पडत. क्रोमने पाने वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये विभागली. पान उलगडणाऱ्या प्रोसेसला संगणकावरची फाइल उघडता येत नाही, दुसरा प्रोग्रॅम सुरू करता येत नाही. जे हवे ते तिला मुख्य प्रोसेसकडे मागावे लागते. या बंदिस्त व्यवस्थेला सँडबॉक्स म्हणतात. पान बंद पडले तर तेवढेच पडते, हा विश्वासार्हतेचा लाभ आणि पानात घुसलेल्या हल्लेखोराला बाहेर पडण्यासाठी आणखी एक दोष शोधावा लागतो, हा सुरक्षिततेचा लाभ, असे दोन्ही लाभ या एकाच रचनेतून मिळतात. फायरफॉक्सने ही विभागणी २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू केली.

मात्र जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ हा दोष जाहीर झाला आणि एवढी विभागणी पुरेशी नसल्याचे दिसले. आजचे प्रोसेसर वेळ वाचवण्यासाठी पुढची कामे अंदाजाने आधीच करून ठेवतात. अंदाज चुकला तर ते काम टाकून दिले जाते, पण त्याच्या खुणा प्रोसेसरच्या कॅश या तात्पुरत्या साठ्यात राहतात आणि त्या खुणांवरून त्याच प्रोसेसच्या मेमरीतला मजकूर ओळखता येतो. बँकेचे पान आणि एखादे अनोळखी पान एकाच प्रोसेसमध्ये असतील, तर दुसऱ्याला पहिल्याचे गुपित वाचण्याची संधी मिळते. म्हणून क्रोमने २०१८ मध्येच डेस्कटॉपवर प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस देण्यास सुरुवात केली. फायरफॉक्समध्ये ही सोय २०२१ च्या अखेरीस आली. याची किंमत मेमरीत मोजावी लागते: क्रोमच्या बाबतीत सुरुवातीला ही वाढ १० ते १३ टक्के असल्याचे सांगण्यात आले. पुढे अँड्रॉइडवर हीच सोय आणताना ती पुरेशी मेमरी असलेल्या फोनांपुरती आणि पासवर्ड मागणाऱ्या साइटींपुरतीच ठेवावी लागली. ‘हा ब्राउझर फार मेमरी खातो’ ही तक्रार करताना त्यातली काही मेमरी या भिंतींसाठी खर्च होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आता दोष नेमका कसा असतो, तेही पाहू. पानावरच्या एका बटणासाठी ब्राउझरने मेमरीतली थोडी जागा घेतली आणि तिचा पत्ता दोन ठिकाणी नोंदवला. पानातल्या स्क्रिप्टने ते बटण काढून टाकले. जागा मोकळी झाली, एक नोंद पुसली गेली, दुसरी मात्र राहून गेली. हल्लेखोर त्या मोकळ्या जागेत स्वतःला हवा तो मजकूर भरतो. काही वेळाने ब्राउझर जुन्या नोंदीवरून त्याच पत्त्यावर जातो आणि तिथे जे असेल ते आपलेच समजून वापरतो. सी++ या भाषेत अशी चूक अनुभवी माणसाच्या हातूनही होते. क्रोम ज्यावर उभा आहे, त्या क्रोमियम या खुल्या प्रकल्पाच्या चमूने २०२० मध्ये सांगितले, की त्यांच्याकडील गंभीर दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या हाताळणीतले होते. ज्या भाषेत ही चूक करणेच अवघड आहे, अशी रस्ट ही भाषा मोझिलाच्या आश्रयाखाली वाढली आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सचा पानांवरच्या घटकांची शैली ठरवणारा एक महत्त्वाचा भाग तिच्यात लिहून वापरात आणला गेला.

तुलनेत एक गोष्ट नेहमी निसटते. एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि क्रोम हे दिसायला चार ब्राउझर असले, तरी इंजिनाच्या, म्हणजे पान उलगडून दाखवणाऱ्या मूळ भागाच्या दृष्टीने ते एकाच माळेचे मणी आहेत. सगळ्यांच्या मुळाशी क्रोमियम आहे. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये स्वतःचे इंजिन सोडून हाच पाया स्वीकारला. मोठ्या वापरातली स्वतंत्र इंजिने आता तीनच उरली आहेत: क्रोमियममधले ब्लिंक, सफारीचे वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. आडात खोट असली की ती प्रत्येक पोहऱ्यात येते. सप्टेंबर २०२३ मध्ये तर ही खोट इंजिनाच्याही खाली, वेबपी प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या एका सामायिक लायब्ररीत (अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडमध्ये) निघाली. चित्रातली संकुचित माहिती वाचण्यासाठी लागणाऱ्या तक्त्याचा आकार तिने आधीच ठरवून ठेवला होता. मुद्दाम बिघडवलेले चित्र आले की तक्ता त्या जागेत मावत नसे आणि शेजारच्या मेमरीवर लिहिला जाई. क्रोम आणि फायरफॉक्स हे कट्टर प्रतिस्पर्धी, पण दोघांनाही एका दिवसाच्या अंतराने एकाच चुकीची दुरुस्ती द्यावी लागली.

दुसरी कसोटी दुरुस्तीच्या वेगाची, आणि घोडे पेंड खाते ते इथेच. क्रोमियम आणि गेको यांचा कोड खुला असल्याने दुरुस्ती आधी सर्वांसमोर लिहिली जाते आणि वापरणाऱ्यांपर्यंत नंतर पोहोचते. मधल्या काळात हल्लेखोरही ती वाचून दोष कुठे होता हे ताडू शकतो. हे अंतर कमी करण्यासाठी क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेचे अपडेट दर आठवड्याला देणे सुरू केले. क्रोमियमवर आधारलेल्या एखाद्या लहान ब्राउझरची परीक्षा घ्यायची असेल, तर त्याच्या जाहिरातीतले दावे बाजूला ठेवून तो या आठवड्याच्या दुरुस्तीच्या किती मागे आहे, एवढे पाहावे. आयफोनवर सफारीची दुरुस्ती बहुधा संपूर्ण प्रणालीच्या अपडेटबरोबर येते, त्यामुळे ते पुढे ढकलणारा माणूस ब्राउझरचीही दुरुस्ती पुढे ढकलत असतो. डेस्कटॉपवर अपडेट उतरल्यानंतरही ब्राउझर बंद करून उघडेपर्यंत जुनाच प्रोग्रॅम चालू राहतो. कोपऱ्यातल्या अपडेटच्या खुणेकडे दिवसेंदिवस दुर्लक्ष करणे म्हणजे तयार दुरुस्ती दारात उभी ठेवणे.

विश्वासार्हतेचा विचार करताना मला जानेवारी २०२२ मधली फायरफॉक्सची घटना सर्वांत बोलकी वाटते. मोझिला वापरत असलेल्या क्लाउड सेवेत एक बदल झाला आणि फायरफॉक्सचा वापराची माहिती पाठवणारा भाग एचटीटीपी/३ या नव्या पद्धतीने सर्व्हरशी बोलू लागला. विनंतीबरोबर जाणाऱ्या आणि मजकुराची लांबी सांगणाऱ्या नोंदीचे (हेडरचे) नाव एका भागाने लहान इंग्रजी अक्षरांत लिहिले होते. दुसरा भाग तेच नाव मोठ्या अक्षरांनी सुरू होते असे धरून शोधत होता. ते न सापडल्याने प्रोग्रॅम कधीही न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला. पाने वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये होती, पण नेटवर्कचे सगळे काम करणारा धागा (थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधली एकामागून एक चालणाऱ्या कामांची रांग) एकच होता, आणि तो अडकताच जगभरातल्या असंख्य फायरफॉक्सांमध्ये एकही पान उघडेना. सर्व्हरकडचा बदल मागे घेतल्यावर नवी अडचण येणे थांबले. आधीच अडकलेले ब्राउझर मात्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागले.