गोल्फचा स्विंग आणि कंबरदुखी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोल्फच्या क्लबची (काठीची) ग्रिप म्हणजे मूठ बदलण्यासाठी किंवा शाफ्टची (दांड्याची) लांबी ठरवण्यासाठी आमच्या कार्यशाळेत येणारे बरेच ग्राहक बॅग टेकवताच एकच प्रश्न विचारतात : "नऊ होल (अर्धा डाव) झाले की कंबर धरते, तर यावर एखादा हलका शाफ्ट नाही का?" प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर काउंटरवर उभ्याउभ्या दिले की अर्धवटच पोहोचते आणि पंधरा दिवसांनी तेच ग्राहक तीच तक्रार घेऊन परत येतात, म्हणून ते येथे सविस्तर लिहून ठेवले आहे. खालील मजकुरात उजव्या हाताने खेळणारा खेळाडू गृहीत धरला असून डावखुऱ्यांनी डावे-उजवे उलट करून वाचावे.

कंबरदुखीची तक्रार असेल तर आम्ही क्लबला हात लावण्यापूर्वी ग्राहकाला सरावाच्या जाळीसमोर उभे करून सेवन आयर्नने (मध्यम लांबीच्या क्लबने) दहा चेंडू मारायला सांगतो. त्यांत बहुतेक वेळा एकच चूक दिसते. दोन्ही पाय जमिनीत रोवलेले असतात, गुडघे आणि खुबे चेंडूसमोर गच्च धरलेले असतात आणि वरचे धड मात्र ओले धोतर पिळावे तसे पिळले जाते. कारण विचारले तर "कंबर फिरवा असे मला सांगितले आहे" असे उत्तर मिळते, आणि खरा घोटाळा या सूचनेतच आहे. मराठीत आपण कंबर हा शब्द फार सैलपणे वापरतो. पाण्याची कळशी टेकवतो तीही कंबर आणि रात्री शेकावी लागते तीही कंबर. प्रत्यक्षात कळशी टेकते ती खुब्याच्या वरच्या हाडावर, तर दुखतात ते बरगड्यांखालचे पाच मणके आणि त्यांच्या आजूबाजूचे स्नायू. शिकवणाऱ्याच्या मनात पहिली कंबर असते आणि ऐकणारा दुसरी फिरवतो.

हे पाच मणके पुढे-मागे वाकण्यासाठी चांगले घडलेले आहेत, पण गोल फिरण्यासाठी नाहीत. पाचही मिळून एका बाजूला जेमतेम 10 ते 15 अंश वळतात. त्यांच्या वरचा, बरगड्यांना जोडलेला पाठीचा भाग साधारण 35 अंश वळू शकतो, आणि मांडीच्या हाडाचा गोल माथा ज्या खोबणीत बसतो तो खुब्याचा सांधा तर मुळात फिरण्यासाठीच आहे. पूर्ण बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे-वर नेताना) खांदे सुमारे 90 अंश आणि खुबे सुमारे 45 अंश वळणे अपेक्षित असते. मधला 45 अंशांचा फरक पाठीचा वरचा भाग आणि कमरेचे मणके मिळून सहज भरून काढतात. परंतु खुबे 20 अंशांवरच अडवले आणि खांद्यांचा हट्ट 90 चाच ठेवला, तर उरलेली वसुली कमरेच्या मणक्यांकडून होते. त्यातच डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली चेंडूकडे आणताना) हे वळण क्षणार्धात उलटते आणि त्या वेळी कमरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या आठपटीपर्यंत दाब येतो, असे प्रयोगशाळेतील मोजमापांत आढळले आहे. उसण भरते ती याच क्षणी, आणि उजव्या हाताच्या खेळाडूंना ती बहुधा कमरेच्या उजव्या बाजूला जाणवते.

आपली चूक आपल्याला घरीच तपासता येते. पाय जमिनीवर टेकतील अशा खुर्चीवर ताठ बसावे, क्लब छातीवर आडवा धरून हातांची घडी त्यावर घालावी आणि उजवीकडे जितके सहज वळता येईल तितकेच वळावे. बसल्यामुळे खुबे जागीच राहतात, म्हणून जे वळण मिळते ते फक्त पाठीचे असते. आता उभे राहून हीच कृती करावी, परंतु या वेळी उजवी जांघ मागे सरकू द्यावी आणि डावा गुडघा आत झुकू द्यावा. उजव्या जांघेत, पँटची घडी पडते तिथे, बोट ठेवले तर ती घडी खोल होताना स्पष्ट जाणवते. ती खोल झाली म्हणजे खुबा वळला. ती सपाट राहिली आणि ताण पाठीच्या खालच्या भागात जाणवला, तर आपण चुकीची कंबर फिरवली असे समजावे.

तरीही वळण अपुरे पडत असेल, आणि पन्नाशीनंतर ते अनेकांचे पडते, तर बॅकस्विंगमध्ये डावी टाच जमिनीपासून उचलू द्यावी. पुष्कळ ग्राहकांना हे जुनाट वाटते आणि टाच उचलली म्हणजे तोल गेला असे ते मानतात. बॉबी जोन्स, सॅम स्नीड आणि जॅक निकलस हे तिन्ही नामवंत गोल्फपटू टाच उचलूनच खेळत असत. शिवाय उभे राहतानाच डाव्या पायाचा पंजा लक्ष्याच्या दिशेने 20 ते 30 अंश उघडा ठेवला, तर चेंडू मारल्यानंतर डाव्या खुब्याला फिरायला जागा मिळते. हा डावा खुबा आखडलेला असणे आणि कंबर दुखणे यांचा निकटचा संबंध आहे, त्यामुळे आमच्याकडे पहिल्या दिवशी आम्ही क्लबइतकेच लक्ष ग्राहकाच्या पायांकडे देतो.

क्रिकेट खेळून गोल्फकडे वळलेल्या मंडळींची अडचण थोडी वेगळी असते. बॅट नियमानुसार 38 इंचांपेक्षा लांब असू शकत नाही आणि ड्रायव्हर (सर्वांत लांब क्लब) 45 इंचांच्या आसपास असतो, तरीही सवयीने हे खेळाडू चेंडूजवळ उभे राहतात आणि पाठीला पोक काढून खाली पाहतात. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहावे आणि पाठ सरळ ठेवून बूड भिंतीला टेकवावे. असे जे वाकणे होते तेच स्विंगसाठी योग्य वाकणे होय.

आता शाफ्टविषयी. ग्राफाइटचा शाफ्ट स्टीलपेक्षा हलका असतो आणि चेंडूच्या आघाताचा हादरा कमी करतो, म्हणून मनगट किंवा कोपर दुखत असल्यास आम्ही तो आवर्जून सुचवतो. कमरेच्या पिळाला मात्र त्याचा उपयोग मर्यादितच आहे. त्याहून घातक म्हणजे शाफ्ट कापून घेणे. मागे एक ज्येष्ठ ग्राहक आपले सर्व आयर्न दुसरीकडून इंचभर कापून घेऊन आमच्याकडे आले. क्लब लहान झाला की स्विंग आटोपशीर होईल आणि कंबर सुटेल, असा त्यांचा समज होता. झाले उलटेच : चेंडूपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना पूर्वीपेक्षा अधिक वाकावे लागू लागले, आणि क्लबचे टोक हातात हलके वाटू लागल्याने ते अधिक जोर लावू लागले. आम्ही त्यांच्या शाफ्टना जोड देऊन लांबी पूर्ववत केली आणि तीन बैठका केवळ खुब्यांच्या वळणावर घालवल्या. पहिल्याच दिवशी शाफ्ट कापण्यास आम्ही नकार देतो तो यासाठीच. उभे असताना मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजल्याशिवाय आणि ग्राहकाचा स्विंग पाहिल्याशिवाय लांबी ठरवली जाऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. या तपासणीचे शुल्क काहींना अनावश्यक वाटते याची आम्हाला जाणीव आहे, परंतु चुकीने कापलेला संच सुधारण्याचा खर्च त्याहून बराच अधिक येतो.

पुण्यात येरवड्याच्या मैदानावर खेळणारे आमचे बहुतेक ग्राहक पहाटे उठून, गाडी चालवत थेट पहिल्या टीवर (खेळ सुरू होतो त्या जागी) पोहोचतात. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात वाकण्याचा ताण त्यांच्यावर अधिक येतो. म्हणून तासभर आधी उठावे, दहा मिनिटे झपझप चालावे, वर सांगितलेले वळण क्लबशिवाय वीस वेळा करावे, मग वेजने (आखूड क्लबने) छोटे फटके मारावेत आणि ड्रायव्हर सर्वांत शेवटी काढावा. आमच्या जाळीत पहिली वीस मिनिटे ड्रायव्हर वापरू दिला जात नाही, हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. डिकीतून बॅग काढताना ती आधी अंगाजवळ ओढून घ्यावी, आणि होलमधून चेंडू काढताना पटरवर (चेंडू होलमध्ये ढकलायच्या क्लबवर) भार देऊन एक पाय मागे उचलावा. कंबर धरल्याच्या कितीतरी घटना स्विंगमध्ये नव्हे, तर या दोन क्षणी घडलेल्या आम्ही ऐकल्या आहेत.

फटक्यानंतर शेवटी शरीर उभे आणि सरळ असावे, नाभी लक्ष्याकडे, भार डाव्या पायावर आणि उजवी टाच वर. छाती मागे टाकून कमान करण्याची 1970 च्या दशकातली पद्धत दिसायला आकर्षक असली, तरी ती कमरेच्या सांध्यांवर दाब देते. चेंडू जमिनीवर पडेपर्यंत त्या स्थितीत स्थिर राहता आले, तर स्विंग अंगाला झेपला असे समजावे.

वेदना नितंबातून पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल किंवा रात्री झोपमोड होण्याइतके दुखत असेल, तर आमच्याकडे न येता आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण कमी झाल्यास तर एक दिवसही थांबू नये. गोल्फपटू टायगर वूड्सवर एप्रिल 2017 मध्ये मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली आणि 2019 मध्ये त्याने मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली, हे खरे आहे. परंतु त्यापूर्वी त्याच्या पाठीवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या हेही तितकेच खरे आहे. डॉक्टरांनी खेळण्यास परवानगी दिल्यावर त्यांनी घातलेल्या मर्यादा आम्हाला लेखी कळवाव्यात, म्हणजे बैठकीची आखणी त्यानुसार करता येते.

तपासणीसाठी साधारण पाऊण तास लागतो. येताना स्वतःची सेवन आयर्न, ड्रायव्हर आणि मैदानावर वापरता तेच बूट आणावेत, तसेच जांघेत न अडकणारी सैल पँट घालावी. शाफ्ट बदलायचा की नाही हे त्यानंतर एकत्र बसून ठरवू.