थंडी टाक्यातून शिरते

कापडात सुई घातली की विणीतले धागे बाजूला सरकतात आणि सुई निघाली की बहुतेक जागेवर येतात. चामड्याला ही सोय नाही. तिथे वीणच नसते, कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाच्या तंतूंचा गुंता असतो. भोक पडलं की पडलंच. चुकलेला टाका उसवून अगदी शेजारी दुसरा घातला, तर चामडं टपाल तिकिटाच्या कडेसारखं फाटायला तयार.

कॅनडाच्या उत्तरेला, उणे 30 अंशांत वावरणाऱ्या इन्युइट लोकांचे हातमोजे शिवताना या भोकांचा हिशेब फार बारकाईने ठेवावा लागतो. त्यांच्या भाषेत या मोज्याला ‘पुआलुक’ म्हणतात. अंगठा वेगळा, बाकीची चार बोटं एकाच खोलीत.

प्रत्येक बोटाला स्वतंत्र खोली का नाही? बोट म्हणजे बारीक नळी. आतलं रक्तमांस थोडं, उष्णता निसटायला पृष्ठभाग मात्र भरपूर. बरं, त्यावर जाड थर चढवावा, तर बाहेरचा घेरही वाढतो आणि निसटायची जागा आणखी मोठी होते. म्हणून बारीक नळीवर जाडीचा फायदा लवकर आटतो. शिवाय बोटांत स्नायू जवळजवळ नसतात, ते असतात कोपर ते मनगट या भागात आणि तळव्यात. बोटांना ऊब मिळते ती रक्तातूनच, आणि थंडी वाढली की शरीर नेमका तोच पुरवठा तोडतं. ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी 1930 मध्ये दाखवलं, की बर्फाच्या पाण्यात बोट धरलं तर काही मिनिटांनी आकसलेल्या वाहिन्या मधूनमधून उघडतात. पण ती नुसती उसनवारी. एकत्र बसलेली चार बोटं एकमेकांना शेकतात, हे जास्त भरवशाचं.

मोज्यासाठी कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रानटी रेनडिअरच्या, पायाचं कातडं आवडीने घेतात. तिथले केस आखूड आणि कातडं चिवट. कॅरिबूच्या केसांत हवेचे कप्पे असतात, आणि केसांच्या मधेही हवा अडकते. खरी ऊब त्या थांबलेल्या हवेची. ते कातडं कात्रीने सरळ कापलं तर केसही तुटतात आणि शिवणीवर टक्कल पडतं. म्हणून केसांची बाजू खाली ठेवून, ‘उलू’ नावाच्या अर्धगोल पात्याच्या सुरीने फक्त कातडं चिरायचं. शिवताना डोकावणारे केस सुईच्या टोकाने आत ढकलत जायचं. हे काम चिकाटीचं आहे, आणि मला तरी सगळ्यात अवघड तेच वाटतं.

आता दोरा. कॅरिबूच्या पाठीतला, कण्यालगतचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा, वाळवून त्याचे धागे सोलतात. तोही कोलॅजेनचाच. भिजला की फुगतो आणि सुईने पाडलेलं भोक स्वतःच बुजवतो. सीलच्या कातड्याचे पाण्यात वापरायचे बूट शिवताना तर याहून पुढची युक्ती असते: सुई कातड्याच्या अर्ध्याच जाडीतून न्यायची, आरपार जाऊच द्यायची नाही. भोकच नाही, तर पाणी शिरणार कुठून? पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे 25 पट सहज उष्णता वाहून नेतं, तेव्हा ओला मोजा किंवा बूट म्हणजे आतली ऊब गेलीच.

हल्ली तिथल्या कित्येक शिवणकाम करणाऱ्या बायका मेण लावलेला, दात साफ करायचा नायलॉनचा दोरा वापरतात. कोरड्या थंडीतल्या मोज्यांना तो चालून जातो. पण नायलॉन तसा फुगत नाही, म्हणून पाण्यात उतरायच्या बुटांसाठी अजूनही कंडऱ्याचा दोरा शोधला जातो.