शिक्षकांच्या सुट्टीपासून मित्रांच्या सहलीपर्यंत: घरांच्या अदलाबदलीची पार्श्वभूमी

चार-पाच मित्रांनी मिळून परदेशात जायचं, हॉटेलात न उतरता कुणाच्या तरी राहत्या घरात मुक्काम करायचा आणि त्या बदल्यात आपलं घर दुसऱ्या कुणाला राहायला द्यायचं, ही पद्धत आता बऱ्यापैकी रुळली आहे. ती इंटरनेटमुळे आली असं अनेकांना वाटतं, पण ते खरं नाही. घरांची अदलाबदल, म्हणजे होम एक्स्चेंज, पहिल्या वेबसाइट्सपेक्षा सुमारे चाळीस वर्षांनी जुनी आहे आणि तिची मुहूर्तमेढ शाळामास्तरांनी रोवली. मित्रांच्या टोळक्याला मात्र ती फार उशिरा खुली झाली. हा उशीर का लागला, ते पाहिलं की आजच्या पद्धतीतले बरेचसे नियम आपोआप उलगडतात.

दुसऱ्या महायुद्धाआधीच युरोपात पगारी सुट्टीचा हक्क कायद्यात येऊ लागला होता. 1936 मध्ये फ्रान्सने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी सुट्टी दिली, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने यावर करार केला आणि 1938 मध्ये ब्रिटनने कायदा केला. मग युद्ध आलं. ते संपल्यावर सुट्टी होती, पण परदेशात हॉटेलात राहण्याइतका पैसा सामान्य नोकरदाराकडे नव्हता. शिक्षकांना ही अडचण सर्वात जास्त जाणवत असणार, कारण सुट्टी सर्वात लांब त्यांचीच आणि पगार बेताचा. शिवाय त्यांच्यातल्या अनेकांना एखादी परकी भाषा येत होती आणि उन्हाळ्याच्या त्या आठवड्यांत आपल्यासारखंच दुसऱ्या देशातल्या शिक्षकाचं घरही रिकामं पडतं, हे त्यांना ठाऊक होतं.

नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमधल्या शिक्षकांनी 1953 मध्ये सुरू केलेली इंटरव्हॅक ही संस्था यातूनच उभी राहिली. अमेरिकेत त्याच सुमारास अशीच एक चळवळ सुरू झाली. आजची होमलिंक ही संस्था आपली सुरुवात 1953 मध्येच मानते. दोन खंडांवर एकाच वेळी तीच कल्पना सुचावी यात मला नवल वाटत नाही. लांब सुट्टी, कमी पैसा आणि रिकामं घर या तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे आल्या की हा मार्ग दिसणारच.

त्या काळी हे काम चालायचं कसं, ते जवळून बघण्यासारखं आहे. सदस्य वार्षिक वर्गणी भरायचे आणि त्यांच्या घराची नोंद छापील यादीत यायची. नोंद अगदी थोडक्यात असायची: गाव कोणतं, खाटा किती, घरात मोठी माणसं आणि मुलं किती, कोणत्या तारखांना जायचंय, कोणते देश चालतील, गाडी वापरायला मिळेल का. यादी हातात पडली की पत्रव्यवहार सुरू. दहा-बारा ठिकाणी पत्रं टाकायची, सोबत घराचे फोटो जोडायचे आणि उत्तराची वाट बघायची. होकार आला तरी लगेच ठरत नसे. तारखा जुळवायच्या, मुलांच्या खोल्या कशा आहेत ते विचारायचं, मांजराला कोण खायला घालणार ते ठरवायचं, शेजाऱ्याकडे किल्ली ठेवायची का ते पक्कं करायचं. यात महिने जात. आणि मला वाटतं, विश्वास तयार होत होता तो या महिन्यांतच. घरात पाऊल ठेवण्याआधी त्या कुटुंबाचं हस्ताक्षर ओळखीचं झालेलं असे, मुलांची नावं पाठ झालेली असत. आजच्या सदस्यांची ओळखपत्रं तपासली जातात, पण त्या पत्रांमधून मिळणारी ओळख कोणत्याही तपासणीने मिळत नाही.

ब्रिटनमध्ये या पद्धतीला सरकारी धोरणानेही एक कारण पुरवलं. परकीय चलन वाचवण्यासाठी 1966 मध्ये तिथल्या सरकारने सुट्टीवर जाणाऱ्याला वर्षाला माणशी फक्त 50 पौंडांचं परकीय चलन नेण्याची मुभा ठेवली आणि हे बंधन 1970 पर्यंत टिकलं. एवढ्या रकमेत हॉटेलचं बिल आणि जेवण भागवायचं म्हणजे कसरतच. घराच्या बदल्यात घर मिळत असेल तर राहण्यासाठी परकीय चलन लागतच नाही.

पण या सगळ्या व्यवस्थेत एक अट मुळातच होती. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी निघायचं, म्हणजे तुम्ही त्यांच्या घरात आणि ते तुमच्या घरात, त्याच तारखांना. माझ्याकडे जे आहे ते नेमकं तुला हवं आणि तुझ्याकडचं मला हवं, तेही त्याच पंधरवड्यात. वस्तुविनिमयाची ही जुनी अडचण इथे जशीच्या तशी होती. कुटुंबाला हे जमायचं, कारण कुटुंब एका घरातून निघतं आणि एका घरात जातं. पाच मित्रांचं तसं नसतं. पाच घरं रिकामी होणार, पण जायचं आहे एकाच घरात. समोरच्या कुटुंबाला तुमच्यापैकी फार तर एकाचं घर लागणार. मग बाकीच्या चौघांनी बदल्यात काय द्यायचं? शिवाय घरमालकाच्या मनात कुटुंबाविषयी जो भरवसा असतो, तो अनोळखी तरुणांच्या घोळक्याविषयी नसतो. छापील यादीच्या काळात या प्रश्नांना उत्तर नव्हतं.

म्हणून मित्रांनी दुसरी वाट धरली आणि तीही एका शिक्षकानेच घालून दिली होती. जर्मनीतले रिचर्ड शिरमान विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलींना जात. ऑगस्ट 1909 मध्ये एका सहलीत त्यांना वादळी पावसाने गाठलं आणि मुलांना रात्र एका शाळेच्या वर्गात गवतावर झोपून काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांचा मुक्कामासाठी वापर करावा, हे त्यांच्या मनात त्या रात्री पक्कं झालं. 1912 मध्ये अल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमस्वरूपी युथ होस्टेल सुरू झालं, 1932 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. रिकामी इमारत आणि मुक्कामाची गरज यांची सांगड घालायची, हाच विचार इथेही आहे. पुढे 1959 मध्ये युरेल आणि 1972 मध्ये इंटररेल हे रेल्वे पास आले आणि पाठीवर सॅक घेतलेल्या मित्रांच्या टोळ्या युरोपभर होस्टेलांच्या सामायिक खोल्यांमध्ये झोपू लागल्या. स्वस्त होतं, मजा होती, पण त्या देशातलं घर आतून कसं असतं ते होस्टेलमध्ये कळत नाही.

घर आतून दाखवणारी तिसरी एक परंपरा होती, सर्वासची. अमेरिकन शांततावादी बॉब लुइटवायलर यांनी 1949 मध्ये डेन्मार्कमध्ये तिचा पाया घातला. महायुद्धाच्या राखेतून माणसांनी एकमेकांच्या घरी जावं, एकाच टेबलाशी बसून जेवावं आणि त्यातून युद्धाची शक्यता कमी व्हावी, हा तिचा हेतू. प्रवाशाची आधी मुलाखत होते, मग त्याला परिचयपत्र मिळतं आणि ते दाखवून यजमानाकडे साधारण दोन रात्री राहता येतं. पैशांचा व्यवहार नाही. या चळवळीविषयी मला मनापासून आदर आहे. पण यजमान घरात असताना त्याच्याकडे राहायचं म्हटलं की एक-दोघांचीच सोय होते, पाच जणांना अंथरूण घालायला जागा कुठून आणणार?

1990 च्या दशकात मोठा बदल घडला. कॅलिफोर्नियातल्या एड कुशिन्स यांनी 1992 मध्ये होमएक्स्चेंज नावाचं जाळं सुरू केलं, तेही आधी छापील यादीच्याच रूपात. दशकाच्या मध्यावर ते इंटरनेटवर गेलं. पत्राला जिथे आठवडे लागत तिथे आता संध्याकाळपर्यंत उत्तर येऊ लागलं आणि तीन ओळींच्या नोंदीऐवजी घराच्या प्रत्येक खोलीचे फोटो दिसू लागले. मार्च 1995 मध्ये शेंगेन करार सात देशांत अमलात येऊन त्यांच्यातली सीमेवरची तपासणी संपली, युरोपात स्वस्त विमान कंपन्या वाढल्या, 2002 मध्ये युरोच्या नोटा हातात आल्या. 2006 सालच्या एका हॉलिवूडपटात इंग्लंडच्या खेड्यातलं छोटं घर आणि लॉस एंजेलिसमधला बंगला यांची अदलाबदल दाखवली गेली, तेव्हा ज्यांनी हा शब्दही ऐकला नव्हता त्यांनाही तो कळला. तरीही अट तीच होती, दोघांनी एकाच वेळी निघायचं. ज्यांच्याकडे सुट्टीसाठी दुसरं घर होतं त्यांचीच काय ती त्यातून सुटका होती.

याच सुमारास अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्याची सवय दुसऱ्या दिशेनेही वाढत होती. 2004 मध्ये प्रवाशांना फुकट घरी ठेवून घेणाऱ्या यजमानांशी जोडून देणारं काउचसर्फिंग हे संकेतस्थळ सुरू झालं. त्यामागे त्याच्या संस्थापकांपैकी एक, केसी फेंटन यांची आइसलँडची सहल होती. त्यांनी तिथल्या विद्यापीठातल्या सुमारे 1500 विद्यार्थ्यांना ईमेल पाठवून राहायला जागा मिळेल का असं विचारलं होतं. पाहुणा आणि यजमान यांनी एकमेकांविषयी जाहीर अभिप्राय लिहायचा, ही रीत या मंडळींनी घट्ट रुजवली. ऑक्टोबर 2007 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका परिषदेच्या काळात हॉटेलं भरली होती, तेव्हा दोन तरुणांनी आपल्या फ्लॅटमध्ये हवेच्या गाद्या टाकून पैसे घेऊन पाहुणे ठेवले. त्यातून 2008 मध्ये एअरबीएनबी आलं. आता पाच मित्रांना आख्खं घर मिळू लागलं, पण भाड्याने. घर हा धंदा झाला आणि कपाटात यजमानाची पुस्तकं, फ्रिजवर त्याच्या मुलांची चित्रं, हे हळूहळू दिसेनासं झालं.

मित्रांसाठी दार खऱ्या अर्थाने उघडलं ते गुणांच्या पद्धतीने. कल्पना तशी नवी नव्हती. सुट्टीच्या घरांच्या टाइमशेअर व्यवसायात, म्हणजे एकाच घराचे वर्षातले ठराविक आठवडे वेगवेगळ्या लोकांना विकण्याच्या धंद्यात, 1974 मध्ये स्थापन झालेल्या आरसीआय या कंपनीने, आपला आठवडा सामायिक साठ्यात जमा करायचा आणि त्याबदल्यात दुसऱ्या कुणाचा आठवडा घ्यायचा, ही सोय केव्हाच करून दिली होती. राहत्या घरांना ती लागू केली ती फ्रान्समध्ये 2011 मध्ये सुरू झालेल्या गेस्टटूगेस्टने. तुमच्या घरी कुणी राहिलं की तुम्हाला गुण मिळतात आणि ते गुण तुम्ही तिसऱ्याच कुणाच्या घरी, तिसऱ्याच वेळी वापरायचे. या कंपनीने 2017 मध्ये होमएक्स्चेंज विकत घेतलं आणि नंतर दोन्ही मिळून होमएक्स्चेंज या नावाखाली एक झाले. जुन्या सदस्यांपैकी अनेकांना हे रुचलं नाही. घराला आकडा लावला की त्याची किंमत ठरते आणि देवघेवीतला मोकळेपणा जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात तथ्य आहे. पण दोन्ही बाजूंनी एकाच वेळी निघण्याची साठ वर्षांची अट त्याच आकड्याने सोडवली, हेही तितकंच खरं.

मित्रांच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा तपशील असा की गुण साधारणपणे रात्रीमागे आणि घरामागे मोजले जातात, माणसामागे नव्हे. सहा जण मावतील अशा घरात दोघे राहिले किंवा सहा जण राहिले तरी हिशेब बहुधा तोच. त्यामुळे एकाने वर्षभरात पाहुणे ठेवून गुण साठवले की सगळ्यांचा मुक्काम होतो. मात्र ओझंही त्या एकावरच पडतं. पाहुण्यांसाठी चादरी बदलणं, कपाट रिकामं करणं, वायफायपासून कचऱ्याच्या दिवसापर्यंत सगळं लिहून ठेवणं, हे त्याने केलेलं असतं. बाकीच्यांनी विमानतळापासूनचा प्रवास किंवा जेवणाचा खर्च उचलून त्याची भरपाई करणं मला न्याय्य वाटतं, आणि ते निघण्याआधी बोलून ठेवलेलं बरं. पैशांची देवघेव नाही म्हणून हिशेबच नाही असं होत नाही.

कायद्याची बाजू मागाहून आली. न्यूयॉर्कने सप्टेंबर 2023 पासून अल्पमुदतीच्या भाड्यावर कडक नोंदणी लागू केली. बार्सिलोनाने 2024 मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या 10,101 सदनिकांचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपवले जातील. अदलाबदलीत भाडं नसल्याने ती बहुतेकदा अशा नियमांबाहेर राहते, पण घर भाड्याचं असेल तर मालकाची संमती आणि घराच्या विम्याची अट तपासावी लागतेच. सीमेवर मात्र शब्द जपून वापरावे लागतात. 2022 मध्ये कॅनडाला निघालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रवासी महिलेला अमेरिकेच्या विमानतळावरून परत पाठवण्यात आलं, कारण राहण्याच्या बदल्यात मांजर सांभाळणं हे अधिकाऱ्यांनी काम मानलं. घराच्या अदलाबदलीत कुणाची चाकरी नसते, पण झाडांना पाणी आणि मांजराला खाणं हे तिथेही ठरलेलं असतंच, म्हणून हा फरक सांगता आला पाहिजे. शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा मागतात, तेव्हा यजमानाचं सही केलेलं पत्र, घराचा पत्ता आणि तारखा जवळ असाव्यात, आणि गटातल्या प्रत्येकाचं नाव त्या पत्रात असावं. खातं आणि अनामत एकाच्या नावावर असल्याने, घरात नेमके किती जण आणि कोण राहणार हे यजमानाला आधी लेखी कळवणं ही आता जवळपास सगळीकडे अपेक्षित रीत झाली आहे. ऐन वेळी सहावा मित्र आला, तर यजमानाला विचारल्याशिवाय त्याला आत घ्यायचं नाही.