फोर-स्ट्रोकच्या खोड्यांची जन्मसालं

मॉडेल विमानाचं फोर-स्ट्रोक इंजिन घेतलं की तीन तक्रारी ठरलेल्या. सुरू करताना उलटा झटका मारतं, आयडलवर, म्हणजे सर्वांत कमी फेऱ्यांवर, ठेवलं की गप्प होतं आणि पावसाळा संपला की बेअरिंग खरखरू लागतं. इंदूरच्या मैदानांवर तिन्हींवर एकच औषध मिळतं: "नीडल (इंधन कमीजास्त करणारा सुईसारखा स्क्रू) जरा फिरवून बघ." कधी लागू पडतं, बहुतेक वेळा नाही. कारण मूळ दोष नीडलचा नसतोच. फोर-स्ट्रोकच्या गळ्यात टू-स्ट्रोकसाठी घडलेली प्रज्वलनाची पद्धत अडकवली गेली, तिथून या खोड्या सुरू होतात.

फोर-स्ट्रोक या छंदाला परकं कधीच नव्हतं. निकोलाउस ओटो यांचं इंजिन १८७६चं. १९१४ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड स्टँगर यांचं पेट्रोलवरचं मॉडेल ५१ सेकंद हवेत राहिलं, आणि तो विक्रम १९३२पर्यंत टिकला. त्यावर व्ही आकाराचं दोन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन होतं. पुढे तीसच्या दशकात अमेरिकेत बिल ब्राउन यांचं १० सीसीचं ब्राउन ज्युनियर आलं आणि बाजी टू-स्ट्रोककडे गेली. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, पुशरॉड नाहीत. हलकं आणि स्वस्त. मात्र ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी विमानातच वाहावी लागे. त्या ओझ्याबरोबर एक सोय होती. ठिणगी केव्हा पडावी हे एका लहानशा दांडीनं मागेपुढे करता येई.

१९४७ साली रे आर्डन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि ओझं गेलं, दांडीही गेली. प्लगमधली प्लॅटिनमची तार सुरुवातीला बॅटरीनं तापवायची. मग दाबाची उष्णता आणि प्लॅटिनमवर होणारी मिथेनॉलची प्रक्रिया तिला लाल ठेवते. आता पेट केव्हा घ्यायचा हे कुणीच ठरवत नाही. प्लग किती गरम, मिश्रण किती लीन (हवेच्या मानानं इंधन कमी), इंधनात नायट्रोमिथेन किती, हवा कशी, यांच्या गोळाबेरजेतून ते ठरतं. टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला स्फोट होतो, त्यामुळे तारेला थंड व्हायला उसंत नसते. फोर-स्ट्रोकमध्ये एक फेरी रिकामी जाते. आयडलवर ती रिकामी फेरी लांबते, तार विझते आणि इंजिन बंद. आयडलच्या तक्रारीचं जन्मसाल हेच.

तरीही १९७६ साली, ओटोंच्या इंजिनाला बरोबर शंभर वर्षं होत असताना, जपानच्या ओएस कंपनीनं एफएस-६० बाजारात आणलं. मोठ्या प्रमाणावर तयार झालेलं हे पहिलं फोर-स्ट्रोक ग्लो इंजिन. व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर उघडेच, चालताना टकटक हलताना दिसत. १९७९मध्ये सैतो ही जपानी कंपनीही उतरली. कानठळ्या बसवणाऱ्या टू-स्ट्रोकला शेजारीपाजारी कंटाळले होते, आणि फोर-स्ट्रोक मोठा प्रॉप (पुढचा पंखा) कमी फेऱ्यांवर, खर्जात फिरवत होतं. ऐंशीच्या दशकात एफ३ए या कसरतींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत टू-स्ट्रोकला १० सीसी तर फोर-स्ट्रोकला २० सीसीची मुभा मिळाली. पिस्टनच्या खालच्या बाजूनं हवा दाबून भरणारी वायएस इंजिनं याच काळातली. फोर-स्ट्रोकच्या प्रसारात कारागिरीइतकाच नियमपुस्तकाचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

विझणाऱ्या तारेवर उपाय म्हणून फोर-स्ट्रोकसाठी जास्त गरम राहणारे वेगळे प्लग निघाले. ओएसचा एफ त्यातला प्रसिद्ध. आपल्याकडे टू-स्ट्रोकचा जुना प्लग लावून नीडलशी झुंजणारे पुष्कळ आहेत. प्लग तापवणाऱ्या बॅटरीचा क्लिप काढताच फेऱ्या पडल्या, तर आधी प्लग बदलावा, मग आयडलचं मिश्रण ठरवणाऱ्या लो-स्पीड नीडलकडे वळावं, तेही पूर्ण थ्रॉटलची मोठी नीडल नीट लागल्यावरच. आयडलवरून थ्रॉटल उघडल्यावर धूर सोडत, अडखळत इंजिन चढलं तर आयडलचं मिश्रण रिच आहे, म्हणजे इंधन जास्त आहे. काही न बोलता एकदम बंद पडलं तर लीन.

उलटा झटका ही दांडी गेल्याची किंमत. मिश्रण लीन झालं की पेट पिस्टन वर पोचण्याच्या खूप आधी घेतला जातो, पिस्टन मागे ढकलला जातो, प्रॉप जागच्या जागी थबकतो आणि नट सैल होऊन प्रॉपसकट उडू शकतो. म्हणून फोर-स्ट्रोकला दुसरा लॉकनट असतो. तो न लावता इंजिन सुरू करणाऱ्याच्या समोर उभं राहू नये, मागेच राहावं.

इंदूरकरांना यात हवेचा हिशेब जास्त करावा लागतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. वडोदऱ्याच्या भावाकडे लावून आणलेलं इंजिन माळव्यात थोडं रिच चालतं, कारण इथे हवा साधारण ५ टक्के विरळ. पण ऋतूचा फरक याच्या दुप्पट आहे. मे महिन्यात ४० अंशांच्या दुपारी लावलेली नीडल जानेवारीत ८ अंशांच्या सकाळी तशीच ठेवली, तर हवा ११ टक्क्यांच्या आसपास घट्ट झालेली असते, इंधन मात्र तेवढंच. झटके हिवाळ्यात वाढतात ते यामुळे. पूर्ण थ्रॉटलवर सर्वांत जास्त फेऱ्या मिळेपर्यंत नीडल बंद करत जावी, मग २००–३०० फेऱ्या कमी होतील इतकी उघडावी. विमानाचं नाक वर धरून बघावं. आवाज ढासळला तर अजून उघडावी.

व्हॉल्व्हचं अंतर हा आपल्या मोटारसायकल मिस्त्रींच्या ओळखीचा विषय, तेच टॅपेट सेटिंग. फक्त इथे फिलर गेजची पाती ०.०४ ते ०.१० मिलिमीटरची लागते आणि इंजिन पूर्ण थंड लागतं. नव्या इंजिनात व्हॉल्व्ह बसत जातात तसं अंतर घटतं, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि दाब जातो.

राहिला गंज. या इंजिनांत तेलाची वेगळी टाकी नाही. इंधनातलं तेल रिंगच्या कडेनं खाली झिरपतं आणि तेवढ्यावर बेअरिंग आणि कॅम चालतात. त्याच वाटेनं जळालेल्या वायूतलं पाणी आणि नायट्रोमिथेनमधून झालेलं आम्लही उतरतं. मिथेनॉल स्वतःच हवेतली ओल ओढून घेतं. एरंडेल धातूला चांगलं जपतं, पण भाजून व्हॉल्व्हच्या दांड्यांवर राळ धरतं, म्हणून पुष्कळ जण कृत्रिम तेलात थोडंच मिसळतात. दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं की इंधनाची नळी काढून इंजिन कोरडं पडेपर्यंत चालवावं, खालच्या ब्रीदर निपलमधून (क्रँककेसच्या श्वासनळीतून) तेलाचे थेंब सोडावेत आणि प्रॉप हातानं फिरवावा. जूनमध्ये माळ्यावर ठेवण्याआधी हेच पुन्हा, तेल जरा सढळ हातानं.

अलीकडे पेट्रोलवरच्या लहान फोर-स्ट्रोकमध्ये इलेक्ट्रॉनिक ठिणगी परत आली आहे. पेट केव्हा घ्यायचा हे तिथे फेऱ्यांनुसार एक इलेक्ट्रॉनिक चिप ठरवते. टॅपेट मात्र तिथेही पातीनंच लावावं लागतं.