मार्कडाउन-आधारित ब्लॉग : स्वतःच्या सर्व्हरवरील उभारणी

साध्या मजकुराच्या फाइलींत, मार्कडाउन या हलक्या चिन्हांकनपद्धतीने केलेले लेखन वेबपानांत रूपांतरित करून ते भाड्याच्या अथवा स्वतःच्या मालकीच्या सर्व्हरवरून वाचकांपर्यंत पोचविणारी प्रणाली. ‘ब्लॉग’ या शब्दासाठी मराठीत ‘अनुदिनी’ व ‘जालनिशी’ हे पर्याय सुचविले गेले. तथापि तंत्रविषयक लेखनात ‘ब्लॉग’ हाच शब्द रूढ असल्याने येथे तोच वापरला आहे. या प्रणालीची दोन व्यवच्छेदक लक्षणे सांगता येतात : मूळ लेखन कोणत्याही साध्या संपादकात उघडता येईल अशा फाइलीत असते, आणि ते प्रसिद्ध करणारा सर्व्हर लेखकाच्या ताब्यात असतो. यांपैकी पहिले लक्षण प्रस्तुत लेखकास अधिक मूलभूत वाटते, कारण सर्व्हर केव्हाही बदलता येतो, मात्र विशिष्ट सॉफ्टवेअरमध्ये अडकलेला मजकूर सोडवून घेणे कठीण असते.

उगम : मार्कडाउनची प्राथमिक आवृत्ती अमेरिकन ब्लॉगलेखक जॉन ग्रुबर यांनी २००४ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध केली व १.०.१ ही आवृत्ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात आली. त्यानंतर मूळ कर्त्याकडून अधिकृत आवृत्ती निघाली नाही, त्यामुळे ‘मार्कडाउन म्हणजे नेमके काय’ हा प्रश्न पुढे दशकभर अनिर्णित राहिला. कर्तृत्वाविषयीही एकमत नाही. काही लेखक प्रोग्रामर आरन स्वार्ट्झ यांना सहनिर्माते मानतात, तर काही ग्रुबर यांनाच एकमेव कर्ते मानून स्वार्ट्झ यांचे स्थान सल्लागाराचे ठरवितात. ग्रुबर यांनी नियमांच्या रचनेबाबत स्वार्ट्झ यांचे ऋण मान्य केलेले आहे. शिवाय स्वार्ट्झ यांनी २००२ मध्ये ‘एटीएक्स’ नावाची स्वतंत्र चिन्हांकनपद्धती मांडली होती आणि ओळीच्या प्रारंभी # हे चिन्ह देऊन शीर्षक दर्शविण्याची मार्कडाउनमधील रीत तिच्याशी जुळते. शीर्षकाखाली = किंवा - या चिन्हांची ओळ ओढण्याची दुसरी रीत त्याहून जुनी असून ती इयन फेल्डमन यांच्या ‘सेटेक्स्ट’ पद्धतीत १९९१-९२ च्या सुमारास आढळते. आजच्या प्रमाणित व्याख्येत या दोन शीर्षकप्रकारांना अनुक्रमे एटीएक्स व सेटेक्स्ट अशीच नावे आहेत. यावरून मार्कडाउन ही एका व्यक्तीची नवनिर्मिती नसून ई-मेलच्या साध्या मजकुरात आधीच रुळलेल्या संकेतांचे ते कुशल संकलन आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते; ग्रुबर यांनीही ई-मेलमधील लेखनरीत हीच आपली मुख्य प्रेरणा असल्याचे म्हटले आहे.

मार्कडाउनवर चालणारे पहिले ब्लॉग-सॉफ्टवेअर कोणते, याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. ग्रुबर यांचा पर्ल भाषेतील मूळ प्रोग्राम मूव्हेबल टाइप व ब्लॉक्सम या तत्कालीन ब्लॉग-प्रणालींना जोडता येत असे. ब्लॉक्सम (कर्ते रेल डॉर्नफेस्ट) तर लेख साध्या फाइलींतच ठेवत असे, म्हणून फाइल आणि मार्कडाउन यांची सांगड २००४ मध्येच पडली असे म्हणता येते. मात्र फाइलींच्या संग्रहातून संपूर्ण संकेतस्थळ एकदाच घडवून स्थिर पानांच्या स्वरूपात सर्व्हरवर ठेवण्याची आजची परिचित रीत टॉम प्रेस्टन-वर्नर यांच्या जेकिल (२००८) या सॉफ्टवेअरने लोकप्रिय केली. त्यानंतर पायथॉनमधील पेलिकन (२०१०), नोड-आधारित हेक्सो (२०१२), गो भाषेतील ह्यूगो (२०१३) इ. निर्माण झाली. २०१४ मध्ये जॉन मॅक्फार्लेन, जेफ अॅटवुड प्रभृतींनी नियमांची काटेकोर व्याख्या सिद्ध केली. तिला प्रथम दिलेल्या नावात ‘मार्कडाउन’ हा शब्द होता. ग्रुबर यांनी आक्षेप घेतल्यावर तिचे नाव ‘कॉमनमार्क’ असे झाले.

प्रकार : (१) स्थिर पाने आधीच घडविणारी सॉफ्टवेअरे, उदा., जेकिल, ह्यूगो. (२) फाइली तशाच ठेवून प्रत्येक मागणीच्या वेळी पान तयार करणारी, उदा., पीएचपीमधील ग्रॅव्ह. (३) डेटाबेस वापरणारी, म्हणजे वरील पहिल्या लक्षणात पूर्णतः न बसणारी, उदा., गोस्ट, राइटफ्रीली. गोस्ट (२०१३) याची गणना मार्कडाउन-आधारित सॉफ्टवेअरमध्ये सर्रास केली जाते. परंतु पुढील आवृत्त्यांत त्याने मजकुरासाठी स्वतःची साठवणरचना स्वीकारली असून मार्कडाउन हे आता तेथे लेखनाचे एक साधन एवढेच उरले आहे. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः पहिल्या प्रकाराचे आहे.

सर्व्हरची जागा : ठाणे व नवी मुंबई येथील लेखकाच्या दृष्टीने हा विचार इतर अनेक गावांपेक्षा सोपा आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे ऐरोली, रबाळे, महापे या भागांत, मोठी डेटा सेंटरे उभी राहिली आहेत. अनेक मेघसेवादात्यांच्या (क्लाउड सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांच्या) यादीत ‘मुंबई’ हे स्थान उपलब्ध असते आणि वाचक मुख्यतः महाराष्ट्रातील असल्यास तेच निवडावे. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किमी. आहे आणि काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किमी. असतो, त्यामुळे सिंगापूरच्या सर्व्हरशी एका जाण्यायेण्याला तत्त्वतःच किमान सुमारे ४० मिलिसेकंद लागतात. सुरक्षित जोडणी होताना अशा अनेक फेऱ्या होत असल्याने मोबाइलवर हा फरक जाणवतो. स्थिर पानांच्या ब्लॉगला १ जीबी स्मृतीचा लहान आभासी सर्व्हर पुरेसा होतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांना ग्राहकाची पडताळलेली माहिती किमान ५ वर्षे जपून ठेवावी लागते, म्हणून नोंदणीच्या वेळी ओळखपत्र मागितले जाऊ शकते.

घरातल्याच लहान संगणकावर ब्लॉग ठेवणेही शक्य आहे. तेथे मुख्य अडचण विजेची नसून आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेटवरील संगणकाच्या अंकी पत्त्याची, असते. वीजखंडासाठी इन्व्हर्टर पुरतो. अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत एकच सार्वजनिक पत्ता कित्येक घरांना मिळून दिलेला असतो. राउटरच्या बाहेरील बाजूचा पत्ता १०० ने सुरू होऊन त्याचा दुसरा भाग ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असेल, तर बाहेरून त्या घरातील सर्व्हरपर्यंत थेट पोचता येत नाही, आणि राउटरमध्ये पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दार) कितीही उघडले तरी उपयोग होत नाही. अशा वेळी सेवादात्याकडून कायमचा आयपी पत्ता घ्यावा लागतो किंवा बाहेरच्या सर्व्हरमार्फत वाट काढावी लागते.

उभारणी : क्रमाला येथे महत्त्व आहे. प्रथम डोमेनच्या (ब्लॉगच्या जालनावाच्या) नोंदींत सर्व्हरचा पत्ता भरावा, तो सर्वत्र पोचल्याची खात्री करावी, नंतर एन्जिनएक्स किंवा कॅडी यांसारखा वेब सर्व्हर (मागणाऱ्याला पाने पाठविणारा प्रोग्राम) बसवावा आणि त्यानंतरच सुरक्षित (https) जोडणीसाठी लागणारे सुरक्षा-प्रमाणपत्र मागावे. असे प्रमाणपत्र मोफत देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था डोमेनच्या मालकीची पडताळणी बहुधा ८० क्रमांकाच्या पोर्टवरून करते. डोमेन अद्याप जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत असेल किंवा ते पोर्ट बंद असेल तर पडताळणी फसते, आणि वारंवार फसल्यास काही काळ नवी मागणी स्वीकारली जात नाही. तिचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असल्याने नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी लावून ती एकदा तपासून पाहावी. देवनागरीतील ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे. ते घेतले असल्यास वेब सर्व्हरच्या व प्रमाणपत्राच्या संरचनेत नाव देवनागरीत न लिहिता त्याचे प्युनिकोड रूप, म्हणजे xn-- ने सुरू होणारे रोमन रूप, लिहावे लागते.

ब्लॉगची पाने सर्व्हरवर घडवावीत की स्वतःच्या संगणकावर घडवून केवळ तयार पाने पाठवावीत, याविषयी दोन्ही पक्ष आहेत. दुसरी रीत सुरक्षेच्या दृष्टीने सरस म्हणावी लागेल, कारण तीत सर्व्हरवर वाचकाला फाइली पाठविण्यापलीकडे काहीच चालत नाही.

संरचना : मुख्य संरचना-फाइलीत ब्लॉगचा पत्ता, नाव, भाषा व कालविभाग या चार गोष्टी तरी नेमक्या असाव्यात. कालविभाग न दिल्यास लेखातील वेळ जागतिक प्रमाणवेळ म्हणून वाचली जाण्याचा संभव असतो. ठाण्यात सकाळी ९ वाजता लिहून तशी वेळ नोंदविलेला लेख मग सॉफ्टवेअरच्या हिशेबी दुपारी २.३० चा ठरतो. भविष्यातील तारखेचे लेख ह्यूगो व जेकिल दोन्ही मूलतः वगळत असल्याने तो लेख तोवर दिसतच नाही, आणि त्यामुळे पाने घडविणे काही थांबत नाही. नवशिक्यांना सर्वाधिक बुचकळ्यात टाकणारी ही बाब आहे. भाषा ‘मराठी’ (संकेत mr) अशी नोंदविणे हा केवळ उपचार नाही : सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे त्या नोंदीवरूनच निवडली जातात, अन्यथा हिंदी वळणाची अक्षरे उमटतात.

प्रत्येक लेखाच्या डोक्यावर मथळा, तारीख इ. माहितीचा छोटा खंड असतो व तो बहुधा यॅमल (YAML) या ‘नाव : मूल्य’ अशा नोंदींच्या पद्धतीने लिहितात. या पद्धतीत अपूर्णविराम व त्यापुढील रिकामी जागा यांना विशेष अर्थ आहे. मराठीत विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकण्याची सवय व्यापक आहे. ‘स्वतः’ हा शब्द तसा लिहून पुढे जागा सोडली आणि मथळा अवतरणांत ठेवला नाही, तर तो खंड वाचलाच जात नाही व पान नीट घडत नाही. उलट, माहितीच्या नावापुढे अपूर्णविरामाऐवजी विसर्ग पडला तर ते नाव ओळखले जात नाही. डोळ्यांना दोन्ही चिन्हे जवळजवळ सारखी दिसतात, म्हणून मथळा नेहमी अवतरणचिन्हांत ठेवणे व विसर्ग विसर्गाच्याच कळीने देणे हा निर्धोक मार्ग होय. फाइल यूटीएफ-८ या युनिकोड साठवणरीतीत, मात्र प्रारंभीच्या अदृश्य क्रमचिन्हाशिवाय (BOM), साठवावी. जेकिलच्या माहितीपुस्तिकेत तसा इशाराच दिलेला आहे.

लेखाचा पत्ता मथळ्यावरून आपोआप बनविण्याची सोय देवनागरीसाठी बेभरवशाची ठरते. अनेक साधने केवळ ‘अक्षर’ या वर्गातील चिन्हे ठेवतात आणि मात्रा व काना यांचा युनिकोड वर्ग वेगळा असल्याने त्या गाळतात. ‘ठाणे’चे ‘ठण’ होते. मात्रा टिकल्या तरी पत्ता पाठविताना दर देवनागरी चिन्हाचे ३ बाइट व ९ रोमन चिन्हे होतात, म्हणजे ‘ठाणे’ या चार चिन्हांच्या शब्दाला ३६ चिन्हे लागतात. दर लेखाला आखूड रोमन पत्ता हाताने द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मथळा मात्र निःशंकपणे देवनागरीत असावा.

मार्कडाउन व मराठी : मूळ पर्ल प्रोग्राम शब्दाच्या मध्येही अधोरेषेने तिरका ठसा देत असे. कॉमनमार्कने शब्दांतर्गत अधोरेषा निष्प्रभ केली आणि ह्यूगो २०१९ च्या अखेरीपासून तेच नियम पाळते. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून येत असल्याने हा बदल मर्मावर बसतो : _वाशी_त असे लिहिल्यास ठसा उमटत नाही व अधोरेषा तशाच छापल्या जातात, *वाशी*त असे लिहिल्यास उमटतो. मात्र तारांकनही सर्वत्र चालत नाही. *‘वाशी’*त या रचनेत समाप्तीच्या तारांकनाआधी विरामचिन्ह आणि नंतर अक्षर येत असल्याने नियमानुसार ते समाप्तीचे चिन्ह मानले जात नाही, अवतरणे तारांकनाबाहेर काढून ‘*वाशी*’त असे लिहावे. क्रमवार यादीसाठी केवळ आंतरराष्ट्रीय अंक ओळखले जातात. देवनागरी अंकाने सुरू केलेली ओळ साधा परिच्छेद ठरते, म्हणून मूळ फाइलीत आंतरराष्ट्रीय अंक लिहून दिसताना देवनागरी अंक यावेत अशी सूचना शैलीपत्रकात (पानांचे रूप ठरविणाऱ्या सीएसएस फाइलीत) द्यावी. याचा एक लाभही आहे : इसवी सनाने व पूर्णविरामाने सुरू होणारे वाक्य रोमन लिपीतील लेखनात चुकून यादी बनते, ती आपत्ती देवनागरी अंकांत येत नाही.

ओव्या, अभंग किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील आगरी लग्नांत धवलारीण गाते ते धवले (लग्नगीते) नोंदवायचे असल्यास प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन रिकाम्या जागा सोडाव्या लागतात, नाहीतर चरण सलग गद्यात मिसळतात. काही संपादक ओळीच्या शेवटच्या जागा आपोआप पुसतात. कॉमनमार्कमध्ये त्याऐवजी उलटी तिरपी रेघ (\) चालते व ती डोळ्यांना दिसत असल्याने अधिक विश्वासार्ह आहे.

जुने लेखन आणणे : युनिकोडपूर्व काळात डीटीपीसाठी जुळविलेला मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टच्या संकेतांत असे, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. असा मजकूर थेट मार्कडाउन फाइलीत आणल्यास निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसते, आणि त्यांतील तारांकने व अधोरेषा ठसा म्हणून वाचल्या जाऊन गोंधळ वाढतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग मुद्रितशोधन, मग चिन्हांकन हा क्रम पाळावा. रूपांतरात रफार, ऱ्हस्व इकार आणि ‘दुसऱ्या’तील अर्धा ऱ यांच्या चुका विशेष होतात.

शोध व साठवण : स्थिर ब्लॉगमधील शोधसोय बहुधा शब्दाच्या अक्षरशः जुळणीवर चालते. सामान्यरूपामुळे ‘ठाणे’ शोधणाऱ्याला ‘ठाण्यात’ असलेला लेख सापडत नाही. यावर लेखाला विषयशब्द मूळ रूपात जोडणे हा साधा उपाय आहे. फाइलींचा इतिहास राखण्यासाठी गिट (२००५) सर्वत्र वापरले जाते. मजकूर, छायाचित्रे, संरचना-फाइली व सॉफ्टवेअरच्या वापरलेल्या आवृत्तीचा क्रमांक या चारही गोष्टींची प्रत सर्व्हरखेरीज आणखी दोन ठिकाणी असावी, आणि वर्षातून एकदा त्या प्रतीवरून ब्लॉग कोऱ्या संगणकावर पुन्हा उभा करून पाहावा.